हजरचा ह, हरताळाचा ह

डोमाजी बाबू, आधी कबुली देते, मग काय रडायचं ते रडते.

सतरा वर्षांची असताना मी एक असा मूर्खपणा केला की त्याला जोड नाही. बिडी कारखान्याच्या हजेरीबुकात मी रोज, आलेल्या बाईच्या नावापुढे 'ह' लिहायची. ह म्हणजे हजर. मग एक दिवस गावात हरताळ झाला, एकेचाळीसच्या एकेचाळीस बाया कामावर आल्या नाहीत, आणि मी शहाणीनं त्या एकेचाळीस नावांपुढेही 'ह'च लिहिला. ह म्हणजे हरताळ. माझ्या डोक्यात ते दोन ह अगदी वेगळे होते, एक रोजचा आणि एक त्या दिवसाचा. कागदाला ते कसं कळावं, हा प्रश्न मला पडला नाही. उलट ओळीनं काढलेले ते गोल गोल ह पाहून मी मान तिरपी केली, स्वतःवरच खूश झाले, आणि वही तुमच्यापुढे सरकवली.

हे खरं जाणणारी माणसं जगात दोनच होती. परवा तुमची तेरवी झाली. आता एकच उरलं आहे, आणि ते नातवंडांच्या डब्यातली चिक्की चोरून वर त्यांनाच रागावण्याइतकं लबाड आहे. त्याच्या भरवशावर खरं सोडून चालत नाही. म्हणून लिहिते.

तेरवीला काय झालं ते आधी ऐका. जेवणं आटोपल्यावर एक जण उठून उभा राहिला आणि म्हणाला की डोमाजी बाबू हरताळाचे पुढारी होते, कारखान्याच्या दारात आडवे झाले आणि सेठला हात जोडायला लावले. तुम्ही! आडवे! तुम्ही दुपारी जेवल्यावरसुद्धा कधी आडवे झाला नाहीत. मला असं हसू फुटलं की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. लोकांना वाटलं म्हातारीला हुंदका आला. तुमच्या सुनेनं धावत पाणी आणलं. मीही मुकाट्यानं प्यायले. काय करू? मग तुमची नात जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही दोघं हरताळात होता ना?" मी तिला म्हटलं, तोंडी नाही सांगत, लिहून देते. ते हे.

तुम्हाला आठवतं, मला त्या स्टुलावर कशासाठी बसवलं होतं? आधी बायांच्या शेडमध्ये हजेरी तुम्हीच घ्यायचे. मग नवरे कुरकुरायला लागले, की रोज सकाळी परका माणूस आमच्या बायकांची नावं मोठ्यानं पुकारतो, हे काही बरं नाही. सेठ म्हणाला, बाई ठेवा. मराठी चौथी पास झालेली पोरगी सगळ्या मोहल्ल्यात एकच होती. माझी माय त्याच शेडमध्ये तिसऱ्या ओळीत बिडी वळायची, बोऱ्यावर बसून. मी तिच्या डोळ्यांदेखत स्टुलावर बसले. आणि काय सांगू, त्या स्टुलाची उंची हातभर होती, माझी चढली होती मचाणाएवढी. संध्याकाळी घरी गेल्यावर मी मायला म्हणायची, पाणी दे. तीही द्यायची. मी मजूर नव्हते, बाबू. मी ऑफिस होते.

वहीत नवऱ्याच्या नावाचा रकाना होता. आणि बाया तर नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पहिल्या दिवशी मी एकेकीला दटावून विचारत बसले, आणि शेड नुसती खुदखुदत राहिली. दुपारपर्यंत सात नावं झाली. तुम्ही आलात, वही पाहिली, आणि मला बाजूला घेऊन म्हणालात की जिचं नाव पाहिजे तिच्या शेजारणीला विचार. शेजारीण सांगते, आणि वरून तो दारू किती पितो तेही सांगते. अर्ध्या तासात रकाना भरला. तुमची हुशारी अशी होती. कोणाला खाली पाहायला लावायची नाही.

आणि ती अक्षरं. वहीचा एकेक चौकोन बोराएवढा. त्यात अख्खा शब्द मावत नाही. म्हणून तुम्ही शिकवलं होतं की पहिलं अक्षर घे, बाकीचं मनात वाच. रजेचा र. आजारीचा आ. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया बांध्यांमध्ये चिखलात असायच्या, तेव्हा रो. हा रो तुमच्या मनाचा, सेठच्या कायद्यात तो नव्हताच. त्याच्या कायद्यात एकच अक्षर होतं, गै. गैरहजर. ते लिहायला तुमचा हात जड व्हायचा. "गै लिहिला का बाईचं नाव अर्धं पुसलं समज," असं म्हणायचे, आणि शक्यतो आ लिहायचे. आमच्या शेडमध्ये बाया फार आजारी पडायच्या, बाबू. धडधाकट राहून आजारी पडायच्या.

मग ते साल आलं, स्वातंत्र्याच्या आदलं. कुठं कुठं गोळ्या चालल्या, कोणाकोणाला पकडून नेलं, आणि गावानं ठरवलं की एक दिवस सगळं बंद. बाजार, धानाच्या गिरण्या, टांगे, स्टेशनावरचे हमाल. आमच्या बायांनी त्यात आपलंही दुखणं जोडलं. वळलेल्या बिडीतली निम्मी खराब म्हणून छाटून टाकायचे, ती छाट कमी करा. सेठ नागपूरला राहायचा. त्याच्यापर्यंत बातमी गेली, आणि आदल्या दिवशी त्याची नोटीस आली. तुम्हीच ती मोठ्या कागदावर लिहून दारावर चिकटवली. अक्षर असं की लग्नपत्रिका वाटावी.

उद्या दार दहाऐवजी सातला उघडेल. आजारी असल्यास डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, चिठ्ठी नसेल तो हरताळावर समजला जाईल. जो हरताळावर, त्याच्या नावापुढे मस्टरात तसं लिहिलं जाईल आणि नाव कायमचं कमी होईल. छत्तीसगडातून दुसऱ्या बाया आणवल्या जातील. ऑफिसच्या लोकांना आणायला घरी बैलांची दमणी येईल, आणि त्यांना चहा-चिवडा मिळेल.

घरी मी मायला ही नोटीस वाचून दाखवली. तोंडपाठ. आणि वर म्हणाले, अक्षर पाहायला पाहिजे होतंस, बाबूनं काय लिहिलं आहे. माय चुलीपुढे बसली होती. तिनं वळून पाहिलंही नाही. म्हणाली, "सांगजो तुया बाबूले. चिवडा पोटभर खा मनावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माय माझ्याआधी निघून गेली होती. मी न्हाले, केसांना तेल लावलं, इस्त्रीचं लुगडं नेसले. इस्त्रीचं, बाबू. हरताळाच्या दिवशी. कारखान्याशी पोहोचले तर दारापुढच्या रस्त्यावर बाया बसलेल्या, अंगाला अंग लावून. माय पुढच्याच ओळीत. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, हात धरून खाली बसवील. तिनं नुसते गुडघे आवरून घेतले. रस्त्यात बसलेली बाई परक्या माणसाला वाट देते, तशी वाट दिली. आणि मी गेले. चपला वाजवत गेले. आज मला ती सतरा वर्षांची पोट्टी भेटली तर मी तिला त्याच चपलेनं झोडपीन. पण ती सापडत नाही, आणि माझा हात आता वर जात नाही.

तुम्ही साडेसातला आलात. कुडव्याला तुमच्या दारी दमणी गेली होती. ती रिकामीच परत आली, आणि तिच्या मागून तुम्ही पायी. बायांना तेवढंच पुरे झालं. एक जण ओरडली, "बाबू, बैल काऊन सोडून आले? तुमीच जुपून आले काय?" सगळा रस्ता हसला. तुम्ही थांबलात, टोपी काढून घाम पुसलात, आणि म्हणालात, "हो बाई." एवढंच. आणि आत आलात. कोपऱ्यात परातभर चिवडा झाकून ठेवलेला होता. त्याला तुम्ही बोट लावलं नाही. मी लावलं. दोन वाट्या खाल्ल्या. दाणे वेचून खाल्ले. तरी 'चिवडाबाबू' हे नाव तुम्हाला चिकटलं, आणि तुम्ही ते वीस वर्षं निमूट वागवलंत. खरी चिवडेवाली कोण ते एकदाही सांगितलं नाहीत.

मग म्हणालात, "मास्तरीणबाई, हजेरी घ्या."

कोणाची, मी विचारलं. शेडमध्ये नुसते बोरे अंथरलेले. तुम्ही म्हणालात, मस्टरात ज्यांची नावं आहेत त्यांची, रोज घेतेस तशी. मी शेडच्या दाराशी उभी राहिले आणि रिकाम्या शेडमध्ये नावं पुकारायला लागले. पहिलं नाव घेतलं आणि भिंतीपलीकडून रस्त्यावरून आवाज आला, "हाओ, इथं आहो!" मग खसखस पिकली. दुसरं नाव, दुसरी ओ. कोणी गाण्यासारखी लांबवून, कोणी म्हशीसारखी हंबरून. बायांना मजा वाटून राहिली होती, आणि मला घाम फुटून राहिला होता. मायचं नाव आलं तेव्हा मात्र रस्ता गप्प झाला. मी दोनदा पुकारलं. मग तिचा आवाज आला, साधा, घरातल्यासारखा. "इथंच आहो बाई. कुठं जातो?"

मी वही मांडीवर घेतली. नोटीस म्हणत होती, तसं लिहावं. तुम्ही शिकवलं होतं, पहिलं अक्षर घ्यावं. हरताळाचा ह. एकेक करून काढत गेले. तिसऱ्या ओळीत मायच्या नावापुढे आले, आणि बाबू, तिथंही मी थांबले नाही. नाव कायमचं कमी होणार हे मला माहीत होतं. मीच वाचून दाखवलं होतं. पण मला कसं दाखवून द्यायचं होतं, की कौशी नियमाला पक्की आहे, मायलाही सोडत नाही. तो ह मी सगळ्यांत सुबक काढला.

पहिल्या पानावर ऑफिसची चार नावं. मॅनेजर साहेब, तुम्ही, बिडी तपासणारा चेकर, आणि मी. चेकर आला नव्हता. मॅनेजर साहेबांनी दमणीवाल्याच्या हाती निरोप पाठवला होता की ताप आला आहे. मी विचारलं, डॉक्टरची चिठ्ठी? दमणीवाला म्हणाला, चिठ्ठी काही दिली नाही. चिठ्ठी नाही म्हणजे हरताळ, नोटिशीत लिहिलेलंच होतं. मी चेकरपुढे आणि मॅनेजर साहेबांपुढेही हरताळाचा ह काढला. तुमच्या-माझ्यापुढे हजरचा काढला. पंचेचाळीस नावं, पंचेचाळीस ह.

दुपारी तहसिलीतून माणूस आला. कोणत्या कारखान्यात किती हजर, याचा आकडा सरकारला पाहिजे होता. तुम्ही वही उघडलीत. मी समोर उभी होते, आणि त्यानंतर सारा जन्म ज्या एका गोष्टीवरून मी तुमच्याशी भांडले ती मी या डोळ्यांनी पाहिली आहे. चष्मा तुमच्या नाकावर होता. तुमचे ओठ हलत होते, मोजत होते. मध्येच ते थांबले. तुम्ही मान उचलून खिडकीतून रिकाम्या शेडकडे पाहिलंत. मग पुन्हा मोजायला लागलात. शेवटी टीपकागद घेतला, पानावर ठेवला, आणि तळव्यानं सावकाश दाबत गेलात, तान्ह्याचं पोट चोळावं तसं. चिठ्ठीवर लिहिलंत, 'पंचेचाळीस हजर', खाली सही केलीत, आणि माणूस गेला.

ते चिठ्ठीवरचं 'हजर' मी वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. नको तेव्हा पडला. मी म्हटलं, बाबू, घोटाळा झाला, ते ह हरताळाचे आहेत. लगेच ब्लेड आणायला धावले, खरवडून काढते म्हणून. तुम्ही वहीवर पंजा ठेवलात. पुठ्ठ्यावर सेठनं काय लिहून ठेवलं आहे ते वाच, म्हणालात. मी वाचलं, खाडाखोड करू नये.

"मंग?" तुम्ही म्हणालात. "हरताळावर हरताळ नाही फासायचा."

आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलंत. मला वाटलं, तुम्ही विनोद करून राहिले. विनोद नव्हता. तुमच्या घरी खाणारी नऊ तोंडं होती, आणि खोट्या आकड्याखाली सही तुमची होती, माझी नव्हती. हे समजायला मला माझी स्वतःची चार लेकरं व्हावी लागली.

पुढचे तीन दिवस बाया कामावर आल्या. कोणाला काही बोलणं नाही, कोणाचं नाव कमी नाही. त्या एकमेकींकडे पाहायच्या, मग माझ्याकडे. आणि मी भिंतीकडे. माय घरी माझ्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची आणि उठून जायची.

चौथ्या दिवशी सेठ आला. संत्र्यांच्या दोन टोपल्या घेऊन. तहसिलीतला आकडा त्याला कळला होता, आणि नागपुरात चार मालकांमध्ये बसून त्यानं सांगितलं होतं की सगळ्या जिल्ह्यात हरताळ झाला, पण माझ्या कारखान्यात एक बाई हलली नाही. नोटीस अशी लिहावी लागते, म्हणाला म्हणे. ती संत्री इमानदार बायांसाठी होती. पण स्टेशनावर उतरताच कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं की तुमच्या शेडमध्ये त्या दिवशी कुत्रं नव्हतं. म्हणून तो एका हातात संत्री आणि एका हातात संशय घेऊन आला. वही मागवली. मॅनेजर साहेब त्याच्या बाजूला उभे, मी दाराशी, आणि शेडमध्ये एकेचाळीस बायांचे हात थांबलेले.

सेठनं बायांच्या पानावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "बेटी, सच बता. ये ह किस बात का है?"

खरं सांगावं तर माय गेली. खोटं सांगावं तर ते सतराव्या वर्षी मला येत नव्हतं, तो हुन्नर पुढे सासरी आला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पुढे झालात. वही अदबीनं आपल्याकडे वळवलीत आणि पानं मागे उलटत पहिल्या पानावर आलात.

"सेठजी, सुरवातीपासून पुसा," तुम्ही म्हणालात. "मानाचं पहिलं नाव मॅनेजर साहेबांचं हाये. ह इथंबी हाये. त्याईलेच पुसा, किस बात का है."

मॅनेजर साहेबांचा चेहरा त्या क्षणी पाहिला असता तर डॉक्टरनं चिठ्ठी फुकट लिहून दिली असती. ह हरताळाचा ठरला, तर कारखान्यातला पहिला हरताळवाला तेच. त्यांनी ओठ चाटले. "हाज़िर का है, सेठजी," ते म्हणाले. "और किस का होगा?"

सेठनं विचारलं, मग त्या दिवशी एकही बिडी का झाली नाही? तुम्ही म्हणालात, आदल्या संध्याकाळी तेंदूपान भिजवलं गेलं नव्हतं, आणि कोरड्या पानाची बिडी वळत नाही, पान तुटतं. हे खरंच होतं. आणि हजेरी? हजेरी पुकारली, सेठजी, तुम्ही म्हणालात, आणि एकूण एक बाईनं ओ दिली. मी माझ्या कानांनी ऐकली. हेही खरंच होतं. बाबू, तुम्ही त्या दिवशी तोंडानं एक शब्द खोटा बोलला नाहीत. खोटं जे होतं ते चिठ्ठीवर आधीच लिहून झालं होतं.

सेठ मूर्ख नव्हता. त्यानं तुमच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग टोपलीकडे पाहिलं. मला वाटतं, नागपुरातले ते चार मालक त्याच्या डोळ्यांपुढे आले असावेत. त्यानं वही मिटली आणि म्हणाला, "संतरे बाँट दो." हरताळ केल्याबद्दल मालकाच्या हातची संत्री खाल्लेल्या बाया जगात आमच्याच असतील. दिवसभर शेडमध्ये तंबाखूच्या वासाऐवजी संत्र्याचा वास होता.

संध्याकाळी माय घरी आली. पदराच्या गाठीत एक संत्रं होतं. तिनं ते सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. त्या पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "शाळेत घातलं ते फुकट नाही गेलं." तिला वाटलं, मी मुद्दाम केलं. सगळ्या बायांना तसंच वाटलं. कौशीनं सेठले अक्षरात गुंडाळला, म्हणायच्या. आणि मी? मी संत्रं खाल्लं. बिया थुंकल्या.

माय त्यानंतर बारा वर्षं जगली, आणि हीच गोष्ट छातीशी धरून गेली. तिला मातीला नेऊन आल्यावर तुम्ही आमच्या अंगणात बसला होतात. बाया तीच कथा लावून बसल्या होत्या, मायची पोरगी कशी हुशार म्हणून. मी मान खाली घातली होती. एकदा वर पाहिलं तर तुम्ही माझ्याकडेच पाहत होता. एका शब्दानं मला उघडं पाडता आलं असतं तुम्हाला. तुम्ही बिडी पेटवलीत आणि म्हणालात, हो, हुशार तर होतीच. त्या एका वाक्याचं देणं माझ्यावर आहे, बाबू, आणि ते फेडायला आता तुम्ही नाहीत.

भांडण मात्र आपलं कधी मिटलं नाही. घोटाळा माझा, की तुमचा? तुम्ही म्हणायचे, मी नुसते ह मोजले, पोरीनं काढले होते. मी म्हणायची, चष्मा होता. तुम्ही म्हणायचे, टीपकागद दाबताना माणूस आंधळा होतो. दर दिवाळीला हे झाल्याशिवाय तुमच्याकडचा चहा मला गोड लागला नाही. गेल्या उन्हाळ्यात तुमचा मोतीबिंदू काढला तेव्हा मी मुद्दाम कुडव्याला आले. म्हटलं, आता तरी सांगा, त्या दिवशी दिसलं होतं की नव्हतं? डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून तुम्ही खाटेवर बसला होता. म्हणालात, आत्ताचंच दिसून नाही राहिलं, तेव्हाचं काय सांगू? आणि मिशीतल्या मिशीत हसलात. ते हसू कोणत्या बाजूचं होतं, हे मी अजून ठरवून राहिले.

आता तुमच्या नातीच्या प्रश्नाचं.

पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आलं. शाळेच्या मैदानात झेंडा लागला. जिलेबी होती, भाषणं होती. कोणीतरी माईकशिवाय ओरडून सांगितलं की जे हरताळात होते त्यांनी पुढे सतरंजीवर बसावं. माय आणि चाळीस बाया उठल्या. जाता जाता त्यांनी मला दोन्ही हातांनी ओढलं, चल वो, तूच तर खरी. मी गेले. मान ताठ करून गेले, पहिल्या ओळीत मांडी घालून बसले, आणि गळ्यात फुलांची माळ पडली तीही घेतली. मग मागे वळून पाहिलं. तुम्ही कुंपणाशी उभे होता, सायकलवाल्यांच्या गर्दीत. मी हातानं खुणावलं, या. तुम्ही मान हलवली, नाही.

परतताना कुडव्याच्या रस्त्यावर मी तुम्हाला गाठलं. माळ गळ्यातच होती, अभिमानानं काढली नव्हती. म्हटलं, पुढे काऊन नाही आले? वहीत तर तुमच्याही नावापुढे ह आहे.

तुम्ही थांबलात. टोपी काढून घाम पुसलात, त्या सकाळी पुसला होता तसाच. मग माझ्या माळेकडे पाहिलंत, आणि रागानं नाही, शिकवताना बोलायचात तशा आवाजात म्हणालात:

"सगळ्या बायाईचा ह हरताळाचा हाये, पोरी. तुया अन् माया तेवढा हजरचा. कोनी इचारत नाही तोवर सांगू नको, पन इसरूबी नको."